गुण, किंमत आणि कदर

(परीक्षेत विद्यार्थ्यांना गुण मिळतात, तसे व्हिडिओ गेमनाही मिळतात. पण जास्त गुणांच्या खेळासाठी खर्च केलेले पैसे वसूल होतातच का? लेखकाने आपल्या लहानपणीचा एक अनुभव सांगून या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.)

मित्रांनो, एका रमजान ईदची गोष्ट सांगतो. दुपारचा शीरखुर्मा झाला होता. पाहुणे निघून गेले होते. माझा भाचा हातात मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. तो आठवीत शिकतो. पाचवीत शिकणारी त्याची बहीण दाराशी उभी राहून आमचे बोलणे ऐकत होती.

"मामू, हा गेम बघा," भाचा म्हणाला. "याला शंभरपैकी ९६ गुण मिळाले आहेत!"

"छान! आणि किंमत किती?"

"चार हजारांच्या थोडी वर. पण गुण बघा ना, मामू! एवढे गुण आमच्या वर्गात कोणालाच मिळत नाहीत."

"मग पैसे कुठून आणणार?"

"माझी ईदी आहे, हिची ईदी आहे. थोडे तुम्ही घाला."

मी भाचीकडे पाहिले. तिने मान खाली घातली. "तुला हवा आहे का गं हा गेम?" मी विचारले. ती हळूच म्हणाली, "भाई म्हणतो, त्याचा खेळून झाला की मला देईल."

ते वाक्य ऐकले आणि मी एकदम गप्प झालो. हेच वाक्य फार वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावाला म्हटले होते.

तेव्हा १९९७ साल होते. आम्ही मालेगावात राहत होतो. अब्बा यंत्रमागावर काम करत. घरात एक जुना टीव्ही होता आणि त्याला जोडायचा एक व्हिडिओ गेम होता. तो मामांनी मुंबईहून आणून दिला होता. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळाचे यंत्र काढले होते. आमचे यंत्र म्हणजे त्याचीच एक स्वस्त नक्कल होती. अशी नक्कल केलेली यंत्रे त्या काळी आपल्याकडे गावोगावी मिळत. त्यांत घालायच्या चौकोनी डबीला आम्ही 'कॅसेट' म्हणत असू. कॅसेट चालली नाही, की ती बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. तुमच्या वडिलांना किंवा चाचांना विचारा. ते ही गोष्ट हसत हसत सांगतील.

आमच्याकडे एकच कॅसेट होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो, तर एका दुकानाच्या काचेमागे एक पिवळी कॅसेट दिसली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, '९९९९९९ इन १'. एका कॅसेटमध्ये दहा लाखांना एकच कमी, इतके खेळ! किंमत अडीचशे रुपये. मी मनातल्या मनात हिशेब केला. एका रुपयाला जवळजवळ चार हजार खेळ पडत होते. यापेक्षा स्वस्त सौदा जगात कुठे मिळणार?

माझ्याकडे ईदीचे दीडशे रुपये होते. उरलेले शंभर माझ्या भावाकडे होते. त्याला त्या पैशांची बॅट आणि रबरी चेंडू घ्यायचा होता. मी त्याला म्हटले, "बॅट पुढच्या वर्षी घे. आधी कॅसेट घेऊ. माझे खेळून झाले, की तुला देईन." त्याने रुमालाची गाठ सोडली आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

घरी येऊन आम्ही कॅसेट लावली. पडद्यावर खेळांची लांबच लांब यादी आली. पहिला खेळ मारिओचा, दुसरा रणगाड्यांचा, तिसरा बदके मारण्याचा. थोडे पुढे गेलो, तर पुन्हा मारिओच! फक्त नाव वेगळे होते आणि खेळ पहिल्याऐवजी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होत होता. आणखी पुढे गेलो, पुन्हा तीच बदके. यादी संपता संपत नव्हती. पण खेळ मात्र तेच ते. माझा भाऊ कागद-पेन्सिल घेऊन मोजत बसला होता. शेवटी तो म्हणाला, "भाईजान, सात आहेत."

मी दुकानात परत गेलो. दुकानदार म्हणाला, "कॅसेट चालते ना? मग परत घेणार नाही."

रात्री अब्बा कामावरून आले. आता मार बसणार, असे मला वाटले. पण ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पैसे घेताना धाकट्याला विचारले होतेस?"

"हो, अब्बा."

"विचारले होतेस, की सांगितले होतेस?"

मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पण तो प्रश्न मी कधी विसरलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॅसेटवरचा आकडा तर सरळ सरळ फसवणुकीचा होता. मोबाइलवर दिसणारे ९६ गुण खोटे थोडेच असतात? तुमचे म्हणणे बरोबर आहे. हे गुण खोटे नसतात. पण ते एका प्रश्नाचे उत्तर असतात आणि आपण त्यांना दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर समजतो. 'हा खेळ किती चांगला बनवला आहे?' या प्रश्नाचे उत्तर गुण देतात. 'या खेळासाठी मी एवढे पैसे द्यावेत का?' हा प्रश्न वेगळा आहे.

या दोन प्रश्नांतला फरक फार पूर्वी काही संपादकांच्या लक्षात आला होता. इंग्लंडमध्ये १९८२ साली 'स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती संगणक बाजारात आला. त्याचे खेळ गाण्यांच्या साध्या कॅसेटवर मिळत. टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावायची आणि काही मिनिटे वाट पाहायची, मग खेळ सुरू होई. १९८४ मध्ये या संगणकाच्या खेळांसाठी 'क्रॅश' नावाचे मासिक निघाले. त्यात प्रत्येक खेळाला एकच एक गुण देऊन काम संपवत नसत. चित्रे कशी आहेत, खेळायला किती मजा येते, पुन्हा पुन्हा खेळावेसे वाटते का, अशा मुद्द्यांना निरनिराळे गुण देत. त्यांतच एक मुद्दा असे, 'पैशांचा मोबदला'. पुढच्याच वर्षी निघालेल्या 'झॅप ६४' या मासिकातही असा वेगळा मुद्दा होता. शिवाय खेळ किती दिवस टिकेल, म्हणजे किती दिवसांनी कंटाळा येईल, यालाही तेथे निराळे गुण होते.

पैशांच्या मोबदल्याला वेगळे गुण देण्याची गरज का वाटली असेल? त्या वेळच्या किमती पाहा. १९८४ मध्ये 'सेबर वुल्फ' नावाचा एक गाजलेला खेळ ९ पौंड ९५ पेन्सला विकला गेला. त्याच काळात 'मास्टरट्रॉनिक' ही कंपनी आपले खेळ १ पौंड ९९ पेन्सला विकत होती. गणित करून पाहा. एका 'सेबर वुल्फ'च्या किमतीत स्वस्त खेळ बरोबर पाच येतात. आता समजा, महाग खेळाला ९० गुण आहेत आणि स्वस्त खेळाला ७०. गुणांत फरक वीसचा आहे. पण किमतीत फरक पाचपट आहे. दर आठवड्याला खाऊचे थोडेसे पैसे मिळणाऱ्या मुलाला या दोन्ही गोष्टी माहीत असायला नकोत का? खेळ चांगला असूनही पैशांच्या मानाने महाग असू शकतो आणि साधासुधा असूनही पैसे वसूल करून देऊ शकतो.

पुढे बहुतेक ठिकाणी एकाच आकड्याची पद्धत रूढ झाली. जपानमध्ये १९८६ पासून निघणाऱ्या 'फामित्सू' या नियतकालिकात चार परीक्षक दहापैकी गुण देतात आणि त्यांची चाळीसपैकी बेरीज करतात. तेथे चाळीसपैकी चाळीस गुण मिळवणारा पहिला खेळ म्हणजे १९९८ चा 'झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम'. २००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' ही सोय सुरू झाली. अनेक परीक्षकांचे गुण गोळा करून तेथे शंभरपैकी सरासरी काढतात. काही परीक्षकांच्या मताला जास्त वजन दिले जाते, काहींच्या मताला कमी. माझ्या भाच्याने दाखवलेले ९६ गुण याच प्रकारचे होते.

सरासरी ही उपयोगी गोष्ट आहे. पण ती काही गोष्टी दाखवते आणि काही झाकते. समजा, एका खेळाला चार परीक्षकांनी ७, ७, ७ आणि ७ गुण दिले. दुसऱ्या खेळाला १०, १०, ४ आणि ४ गुण दिले. दोघांची सरासरी सातच. पण पहिला खेळ सर्वांना बरा वाटला आहे आणि दुसऱ्याने दोघांना वेड लावले आहे, दोघांना कंटाळा आणला आहे. तुम्ही त्या पहिल्या दोघांसारखे आहात की शेवटच्या दोघांसारखे? हे सरासरी सांगत नाही. ते कळण्यासाठी आकड्याखाली लिहिलेले परीक्षण वाचावे लागते.

शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. परीक्षकाला बहुधा खेळ विकत घ्यावा लागत नाही. परीक्षणासाठी कंपनीच तो पाठवते. परीक्षक प्रामाणिक असेल, तरी त्याच्या खिशातून पैसे गेलेले नसतात. आपल्या शंभर रुपयांची गाठ सोडताना काय वाटते, ते त्याला त्या वेळी अनुभवावे लागत नाही.

गुण एकदाच दिले जातात. किंमत मात्र बदलत राहते. आज चार हजारांना असलेला खेळ वर्षा-दोन वर्षांत सवलतीच्या दिवसांत निम्म्या किमतीत मिळू शकतो. खेळ तोच, गुण तेच. पण पैशांचा मोबदला दुप्पट झाला! हा फरक पडतो तो केवळ वाट पाहिल्यामुळे.

एका गुणाला माणसे किती महत्त्व देतात, याचे एक उदाहरण सांगतो. २०१० मध्ये 'फॉलआउट: न्यू व्हेगास' नावाचा खेळ निघाला. तो ऑब्सिडियन नावाच्या अमेरिकन कंपनीने बनवला होता. मेटाक्रिटिकवर किमान ८५ गुण मिळाले, तर बनवणाऱ्यांना जादा बक्षीस मिळणार, असा करार होता. गुण मिळाले ८४! बक्षीस हुकले. ही गोष्ट त्या खेळावर काम केलेल्या ख्रिस अॅव्हेलोन यांनीच २०१२ मध्ये सांगितली. विचार करा, ८४ गुणांचा खेळ आणि ८५ गुणांचा खेळ यांत खेळणाऱ्याला काही फरक कळला असता का? परीक्षेत एका गुणाने पहिला वर्ग हुकलेल्या विद्यार्थ्याला हे दुःख चटकन समजेल.

मग पैशांचा मोबदला मोजायचा तरी कसा? काही जण तासांचा हिशेब करतात. चार हजारांचा खेळ चाळीस तास चालला, तर तासाला शंभर रुपये पडले. हा हिशेब वाईट नाही. पण तो अपुरा आहे. २०१२ मध्ये 'जर्नी' नावाचा एक खेळ आला. त्यात वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जायचे असते. तो दोन-तीन तासांत संपतो. तरी त्या वर्षीच्या उत्तम खेळांत त्याची गणना झाली. याउलट काही खेळ पन्नास तास चालतात, पण त्यांतले तीस तास तेच ते काम करण्यात जातात. माझी ती पिवळी कॅसेट आठवा. लांबच लांब यादी म्हणजे जास्त मजा नव्हे.

आणि आता साध्या खेळाची गोष्ट ऐका. पुढच्या ईदला माझ्या भावाने बॅट घेतली नाही. शंभर-सव्वाशे रुपयांत मिळणारा एक 'ब्रिक गेम' त्याने आणला. हातात मावणारा, छोट्या सेलवर चालणारा, करड्या पडद्याचा. वरून विटा पडतात आणि त्या नीट रचून ओळ पूर्ण करायची. हा मूळ खेळ म्हणजे 'टेट्रिस'. तो १९८४ मध्ये मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह या संगणक-शास्त्रज्ञाने तयार केला होता. भावाने तो आणला, तेव्हा ही माहिती आम्हांला नव्हती. आम्हांला एवढेच माहीत होते, की शुक्रवारी यंत्रमाग बंद असले की अब्बाही एक डाव मागत. अम्मी तर स्वयंपाक झाल्यावर आम्हां सर्वांना हरवी. त्या खेळाला कोणी गुण दिले होते, की नाही, कोण जाणे! तो आमच्या घरात चार वर्षे टिकला. भावाने तो घेताना मला म्हटले होते, "भाईजान, हा आपल्या दोघांचा."

मित्रांनो, 'किंमत' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतला 'क़ीमत' तोच मराठीतला 'किंमत'. 'वसूल' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. आणि तुमचा 'क़द्र' मराठीत 'कदर' होऊन राहिला आहे. मला वाटते, या सगळ्या विचाराचे सार या शब्दांतच आहे. किंमत विकणारा ठरवतो. गुण परीक्षक देतो. पण कदर करायची असते ती आपण. ती कोणी दुसरा आपल्यासाठी मोजून देत नाही.

म्हणून भाच्याला मी नाही म्हटले नाही आणि हो सुद्धा म्हटले नाही. मी त्याला चार प्रश्न कागदावर लिहून दिले. हा खेळ कोण कोण खेळणार? परीक्षणात लिहिलेली कोणती गोष्ट मला आवडेल आणि कोणती आवडणार नाही? थोडे थांबलो, तर किंमत उतरेल का? आणि खेळ आवडला नाही, तर परत करता येईल का? काही ठिकाणी अशी सोय असते. 'स्टीम' या संगणक-खेळांच्या मोठ्या दुकानात २०१५ पासून, खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. माझ्या मालेगावच्या दुकानदारापेक्षा हे बरे!

पहिल्या प्रश्नापाशी भाचा बराच वेळ थांबला. मग त्याने बहिणीला हाक मारली आणि विचारले, "तुला कोणता गेम आवडेल?" या वेळी तो विचारत होता, सांगत नव्हता.

काही महिन्यांनी त्या दोघांनी 'इट टेक्स टू' हा २०२१ चा खेळ घेतला. त्याचे गुण पहिल्या खेळापेक्षा सात-आठने कमी आहेत. सवलतीत तो निम्म्याहून कमी किमतीत मिळाला. त्याची गंमत अशी, की तो एकट्याला खेळताच येत नाही. दोघांनी मिळूनच खेळावा लागतो. उरलेल्या पैशांतून भाचीने रंगांची मोठी पेटी घेतली.

त्या रात्री मी माझ्या भावाला फोन केला. सारी हकीकत सांगितली आणि म्हटले, "त्या कॅसेटसाठी मी तुझे शंभर रुपये घालवले. सात खेळांसाठी अडीचशे रुपये!"

तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "सात नव्हते, भाईजान. सहाच होते. तुमचा चेहरा पाहिला आणि मी एक वाढवून सांगितला."

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या भावाला ईदीच्या पैशांतून काय घ्यायचे होते?
(आ) पिवळ्या कॅसेटवर काय लिहिले होते?
(इ) 'टेट्रिस' हा खेळ कोणी व कोठे तयार केला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'क्रॅश' मासिकाची गुण देण्याची पद्धत कशी होती?
(आ) सरासरी गुण काय झाकतात? पाठातील उदाहरण देऊन सांगा.
(इ) "विचारले होतेस, की सांगितले होतेस?" असे अब्बांनी का विचारले असेल?

३. 'किंमत', 'वसूल', 'कदर' हे शब्द उर्दूत व मराठीत आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. तुम्ही स्वतःच्या पैशांतून घेतलेल्या एखाद्या वस्तूविषयी दहा ओळी लिहा. तुमचे पैसे वसूल झाले का?